वाचकांचे प्रश्न : डीएनए न कापता जीन बंद करताना

प्रश्न : डीकॅस९-क्रॅब (डीएनए न कापता त्यावर बसणारे कॅस९ आणि त्याला जोडलेले जीन दाबणारे प्रथिन) वापरून एचईके२९३टी या प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशींत एक जीन बंद करायचा प्रयत्न चालू आहे. गाइड आरएनए (कॅस९ला जागा दाखवणारा तुकडा) जीनच्या सुरुवातीच्या ९०० बेस अलीकडे बसवला. ट्रान्सफेक्शननंतर (पेशींत प्लाझ्मिड, म्हणजे डीएनएचे कडे, घातल्यावर) ४८ तासांनी क्यूपीसीआर (आरएनए मोजणारी चाचणी) केला, तर सीटी (खूण उमटायला लागणाऱ्या सायकली; आरएनए कमी तर त्या जास्त) जेमतेम अर्ध्या सायकलने सरकला. चुकतंय कुठं?
— एम.एस्सी.ची विद्यार्थिनी, जुळे सोलापूर

उत्तर : आधी गाइडची जागा बदला. ट्रान्स्क्रिप्शन, म्हणजे जीनवरून आरएनए बनणे, जिथे सुरू होते त्या बेसच्या ५० बेस अलीकडपासून ३०० बेस पलीकडपर्यंतच्या पट्ट्यात डीकॅस९-क्रॅब सर्वांत चांगला चालतो. जीनोम ब्राउझरवरचा पहिला एक्सॉन (जीनचा अंतिम आरएनएत टिकणारा तुकडा) पाहून तो बेस ठरवू नका. एकाच जीनला अनेकदा दोन-तीन सुरुवाती असतात आणि त्यातली कोणती चालू, हे पेशीगणिक बदलते. केज डेटात (आरएनए कुठून सुरू होतो याच्या नोंदी) एचईके पेशींचा उंच सुळका जिथे दिसतो, ती जागा धरा. एनजीजी पॅमला (कॅस९ला बसायला लागणारी तीन बेसची खूण) लागून २० बेसचे तीन-चार गाइड घ्या आणि वेगवेगळे तपासा. शेजारचा जीन पाठीला पाठ लावून असेल तर तोही दबतो, म्हणून त्याचा आरएनए मोजायला त्याचे प्राइमरही मागवा.

एवढे करूनही आकडा हलला नाही तर पेशींचा हिशोब मांडा. समजा १०० पैकी ४० पेशींतच प्लाझ्मिड शिरले. त्या चाळिसांत जीन पूर्ण बंद पडला तरी बाकीच्या ६० नेहमीसारखा आरएनए बनवत राहतात आणि सीटी सरकतो फक्त ०.७४ सायकल. प्रयोग साधलेला, आकडा मात्र रडका. प्लाझ्मिडवर प्युरोमायसिन या पेशी मारणाऱ्या औषधाचा प्रतिरोध असेल तर मिलिलिटरला १ ते २ मायक्रोग्रॅम, दोन-तीन दिवस द्या. ट्रान्सफेक्शन न केलेल्या पेशींची एक थाळी सोबत ठेवा. ती पूर्ण मेली की निवड झाली. जी४१८ या तशाच दुसऱ्या औषधाच्या वाटेला जाऊ नका, एचईके२९३टीत त्याचा प्रतिरोध आधीच आहे. आरएनए पाचव्या दिवशी काढा. टिकाऊ एमआरएनए ४८ तासांत संपत नाही.

आता प्रबंधांत हमखास सुटणारी गोष्ट. डी१०ए आणि एच८४०ए या दोन बदलांनी कॅस९ची कात्री बोथट होते, डीएनएला धरून बसण्याची ताकद तशीच राहते. त्यामुळे नुसता डीकॅस९सुद्धा आरएनए बनवणाऱ्या पॉलिमरेजची वाट अडवतो. तोच गाइड क्रॅबविना डीकॅस९सोबत चालवा. शिवाय जीनोममध्ये कुठेच न बसणारा एक गाइड हवाच. क्रॅब असताना आणि नसतानाचा फरक, तेवढेच क्रॅबचे काम. मग एच३के९एमई३च्या (डीएनए ज्यांवर गुंडाळलेला असतो त्या हिस्टोन प्रथिनांवरची, जीन दबल्याची खूण) अँटिबॉडीने चिप-क्यूपीसीआर करा, म्हणजे ती खूण त्या जागी किती आहे ते मोजा. तिथे खूण वाढलेली दिसत नसेल तर अहवालात ‘एपिजेनेटिक’ (डीएनएची अक्षरे न बदलता झालेला) हा शब्द घालू नका, परीक्षक तिथेच पकडतील.

प्रश्न : असंच मालदांडी ज्वारीत केलं तर पुढच्या हंगामातही बी तसंच उतरेल का?
— शेतकरी वाचक, मंगळवेढा

उत्तर : हिस्टोनवरच्या खुणेचा भरवसा कमी, डीएनएवरच्या मिथाइलचा त्याहून बरा. मोहरीच्या कुळातल्या अरेबिडॉप्सिसमध्ये एफडब्ल्यूए जीनवरचे मिथाइल टेट१ या मिथाइल काढणाऱ्या प्रथिनाच्या साहाय्याने काढले, तेव्हा फुलोरा लांबला आणि साधन रोपातून निघून गेल्यावरही पुढच्या पिढ्यांत तसाच राहिला. हे काम २०१८ मधले. ज्वारीत मात्र गाडी आधीच अडते : ऊतिसंवर्धनात फिनॉल सुटतात, माध्यम काळवंडते आणि कॅलसला (संवर्धनात वाढणारा पेशींचा गोळा) सहजी कोंब धरत नाहीत. शिवाय हे साधन बनवणारा जीन रोपात आहे तोवर ते जीएम रोपच. तो जीन ज्यांच्यात उतरला नाही अशी पुढच्या पिढीतली रोपे पीसीआरने वेचून मगच बी धरावे लागेल.