पुरुषांनी स्टाइलची प्रेरणा कुठून घ्यावी? सेव्ह केलेल्या फोटोतले कपडे माझ्या अंगावर तसे का दिसत नाहीत?

तुम्ही लिहिलंय की वय 25, हिंजवडीत नोकरी, फोनमध्ये शेकडो फोटो सेव्ह केलेत, पण त्यात बघून मागवलेलं काहीच अंगावर तसं दिसत नाही. शिवाय स्वतःचे फोटोही चांगले येत नाहीत. मी नऊ वर्षं पुण्यात पुरुषांच्या कपड्यांचे फोटो काढतोय, त्यामुळे फोटोत जे दिसत नाही तिथूनच सुरुवात करतो.

म्हणजे मॉडेलची पाठ. शूटसाठी शर्ट येतो तो बहुतेक वेळा एकाच मापाचा नमुना असतो, मॉडेल कोणीही असो. तो कमरेत ढगळ होतो. मग मदतनीस मागून जादाचं कापड चिमटीत धरतो आणि दोन-तीन क्लिपा लावतो. पुढून शर्ट बेतून शिवल्यासारखा, मागे मूठभर चुण्या. बाहीला आकार यावा म्हणून कधी आत टिश्यू पेपर भरतात, कॉलर आतून दुहेरी चिकटपट्टीने बसवतात, आणि मधूनमधून वाफेची इस्त्री फिरत असतेच. मॉडेलने हात वर केला की सगळं बिघडतं. तुम्ही सेव्ह केलेला शर्ट तेवढ्या एका कोनातून, तेवढ्या क्षणापुरता तसा होता. यात तुमच्या अंगकाठीचा काहीही दोष नाही, हे आधी मनात पक्कं करा.

त्या फोटोंचा उपयोग होतो, पण माप बघायला. खांद्याची शिवण कुठे येते? ती खांद्याच्या हाडाच्या टोकावर यायला हवी, दंडावर उतरली की माणूस दुसऱ्याचा शर्ट घातल्यासारखा दिसतो. पँट बुटावर टेकते आहे की गोळा होते आहे? कोटाच्या बाहीखाली शर्टाचा कफ अर्धा इंच दिसतो का? एवढं बघायची सवय लागली की शंभरातले नव्वद फोटो तुम्ही स्वतःच डिलीट कराल.

मग पेठेतला एखादा शिंपी गाठा. आपला सगळ्यात छान बसणारा जुना शर्ट मापाला द्या, टेपने घेतलेल्या मापापेक्षा हे बरं पडतं. तयार कपडा घेताना खांदा बरोबर असेल तरच घ्या. कमर, बाहीची लांबी, पँटची पट्टी हे सगळं थोडक्यात अल्टर होतं. खांदा मात्र नाही. वडिलांचा लग्नातला कोट मला फार आवडायचा, तो मी लहान करायला घेऊन गेलो. मास्तरांनी अस्तर उलटून पाहिलं, खांद्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "इथे हात लावला तर कोट राहणार नाही. आहे तसा जपून ठेवा." तो अजून कपाटात आहे, आणि मास्तरांचं बरोबर होतं.

आता प्रेरणेचं. मला सर्वांत जास्त शिकवलं ते ऑगस्ट झांडर या जर्मन छायाचित्रकाराच्या एका फोटोने. 1914 चा फोटो आहे. तीन तरुण शेतकरी, सूट, हॅट, हातात काठ्या, कच्च्या रस्त्याने नाचाच्या कार्यक्रमाला निघालेत. मधेच थांबून मान वळवून बघतात. सूट काही फार भारी नाहीत, चालून चालून चुरगळलेत, पण तिघांनी ते स्वतःचे करून घातलेत. मालीमधल्या बामाकोचे मालिक सिदिबे यांचे 1960 च्या दशकातले फोटोही शोधा. पार्टीला निघालेली पोरं, घट्ट शर्ट, पायघोळ पँटी, आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर 'आज मी छान दिसतोय' हा आनंद. न्यूयॉर्कचे बिल कनिंगहॅम तर सायकलवरून फिरत रस्त्यावरच्या माणसांचे फोटो काढायचे आणि स्वतः कायम फ्रेंच कामगारांचं निळं जाकीट घालायचे.

इतकं लांब जायचं नसेल तर घरातला आजोबांचा स्टुडिओतला फोटो काढा. बंद गळ्याचा कोट, खाली धोतर, काळी टोपी. कोटाची लांबी आणि धोतराचा घोळ एकमेकांना कसा तोलतो ते नीट बघा.

आणि आषाढवारीत पालख्या पुण्यात मुक्कामाला येतात तेव्हा सकाळी नाना पेठ, भवानी पेठेत चक्कर मारा. दोन वर्षांपूर्वी तिथे एक आजोबा ओट्यावर बसून चहा पीत होते. टोपी कडक, निळीची झाक असलेली पांढरी. बंडी धुऊन धुऊन सायीच्या रंगाची झालेली. धोतर त्याहून पिवळट, काठाला चिखलाची रेघ. एका माणसाच्या अंगावर तीन पांढरे, आणि मधे फक्त तुळशीची माळ. फॅशनच्या भाषेत यालाच एका रंगाच्या छटांचं ड्रेसिंग म्हणतात. मी त्यांना विचारलं, "माउली, एक फोटो काढू का?" त्यांनी आधी चहा संपवला, टोपी सारखी केली, मग माझ्याकडे पाहिलं. कोणाचाही फोटो काढताना असं विचाराच.

तुमच्या फोटोंबद्दल. पुण्यात दुपारी बाहेर काढूच नका. मेच्या मध्यावर तर सूर्य बरोबर डोक्यावर येतो, डोळ्यांच्या खोबण्या काळ्या पडतात आणि कपड्याचा पोतही मरतो. सकाळी नऊच्या आत काढा, नाहीतर जुन्या वाड्याच्या दारात हातभर आत उभे राहून तोंड उजेडाकडे करा. त्या उजेडात खादीचा धागा न् धागा दिसतो. पूर्ण उंचीचा फोटो हवा असेल तर मित्राला तीन-चार मीटर लांब उभं करा, फोन त्याच्या कमरेच्या उंचीवर धरायला सांगा आणि दोनपट झूम वापरा. जवळून, डोळ्यांच्या रेषेतून काढला की पाय आखूड दिसतात. तुम्ही ज्याला अंगकाठीचा दोष समजताय, त्यातला बराचसा इथला असणार. पांढरा कुर्ता असेल तर फोन तो मळकट करतो, तेव्हा स्क्रीनवर बोटाने उजेड थोडा वाढवा.

या रविवारी तो मापाचा जुना शर्ट घालून असे दोन फोटो काढा, एक पुढून आणि एक पाठीमागून. इथे टाकलेत तर खांद्याची शिवण बघून सांगतो.