वडिलांच्या ट्रंकेत जुने इंद्रजाल कॉमिक्स सापडले आहेत. सोलापुरातून विकायचे आणि पाठवायचे कसे?

तुम्ही लिहिलंय की वडिलांच्या पत्र्याच्या ट्रंकेत साठ-सत्तर अंक निघाले. बरेचसे मराठी इंद्रजाल, थोड्या अमर चित्रकथा, तळाशी चांदोबाचा गठ्ठा. आणि कुणीतरी निरोप धाडलाय, ‘सगळे मिळून दोन हजार देतो, आजच पाठवा.’

आधी त्याला थांबायला सांगा. आणि ती ट्रंक गच्चीवर नेऊ नका.

दुसरी गोष्ट हसण्यावारी नेऊ नका. आपल्याकडं जुनं काही निघालं की त्याला ऊन दाखवल्याशिवाय चैन पडत नाही. माझ्या आईनं एका एप्रिलात माझे तीसेक अंक कुरडयांच्या शेजारी चादर अंथरून पसरले. कसर लागली होती, तिचा हेतू चांगलाच होता. चार वाजता मी वर गेलो तर मुखपृष्ठं कमानीसारखी वळलेली, आणि एका अंकाचं पान उलटायला गेलो तर कोपरा चिमटीतच राहिला. आतला कागद वर्तमानपत्राच्या जातीचा, म्हणजे लाकडाच्या लगद्याचा. त्यात लिग्निन असतं, ते उजेडानं आणि उष्णतेनं पिवळं पडतं, कागद कडक होतो. सोलापूरच्या कोरड्या हवेत बुरशी कमी धरते हे आपलं नशीब, पण उन्हानं जातं ते परत येत नाही. तेव्हा सावलीत, घरातच, एकेक अंक हलक्या हातानं उघडा आणि दाढीच्या जुन्या, कोरड्या ब्रशानं धूळ झटका. ओलं फडकं नको, खोडरबर नको, फाटलेल्या जागी चिकटपट्टी तर अजिबात नको. ती चार-दोन वर्षांत तपकिरी होते, सुटते आणि डाग मागं ठेवते. तुम्ही ‘दुरुस्त’ केलेल्या अंकापेक्षा जसा निघाला तसा फाटका अंक जास्त पैसे आणतो.

माझं सांगतो. मी टॉवेल-चादरीच्या कारखान्यात डिस्पॅच बघतो, आणि कॉमिक्स शाळेत असल्यापासून गोळा करतो. त्यामुळे माझं उत्तर पॅकिंगकडं जरा झुकलेलं असणार.

आता तुमच्याकडं काय आहे ते बघू. इंद्रजाल टाइम्स ऑफ इंडियावाल्यांनी मार्च १९६४ मध्ये सुरू केलं आणि १९९० मध्ये बंद केलं. पहिले ३२ अंक फक्त वेताळाचे. ली फॉकचा फँटम, जो आपल्याकडं वेताळ झाला आणि विक्रमाच्या पाठीवरच्या वेताळाशी नावाचा घोटाळा करून बसला. लहानपणी मला खरंच वाटायचं की झाडावरचा तो आणि कवटीच्या गुहेतला हा, दोघं भाऊबंद असावेत. पुढं मँड्रेक आला, फ्लॅश गॉर्डन आला, आणि १९७६ मध्ये आबिद सुरतींचा बहादूर. गंमत म्हणजे मूळ कथेतला बेंगाला देश इंद्रजालमध्ये डेंकाली झाला आणि सिंग चाचे सिंगा झाले, इथल्या वाचकांना नावं टोचू नयेत म्हणून.

यादी करताना क्रमांक लिहा, नुसतं कथेचं नाव पुरत नाही. क्रमांक ८०५ पर्यंत जातात, पण अंक ८०३ च निघाले. संपामुळे १२३ आणि १२४ छापलेच गेले नाहीत. म्हणजे ते दोन तुमच्या गठ्ठ्यात नसले तर जीव जाळू नका, आणि उद्या कुणी ‘अगदी दुर्मिळ १२३ आहे’ म्हणत आलाच तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. शेवटच्या वर्षांतल्या अंकांवर सलग क्रमांकाऐवजी वर्ष आणि अंक असं छापलेलं सापडेल, तेही जसंच्या तसं उतरवा.

अमर चित्रकथेचं गणित वेगळं आहे, कारण त्या वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा छापल्या गेल्या. अनंत पैंनी ही मालिका १९६७ मध्ये सुरू केली. पहिले दहा क्रमांक परदेशी परीकथांचे होते, ‘कृष्ण’ अकरावा. लोकांना वाटतं जुनाट दिसते म्हणजे पहिली आवृत्ती. तसं नसतं. आतल्या किंवा मागच्या पानावर पुस्तकांची यादी असते. त्या यादीत तुमच्या हातातल्या अंकाच्या कितीतरी पुढचे अंक आलेले असतील तर ती नंतरची छपाई. यादी त्याच अंकाच्या आसपास संपत असेल तर जरा सावध व्हा, ते वेगळं काढून ठेवा. छापील किंमतही बघा. किमतीवर नवी किंमत चिकटवलेली असेल तर ती चिठ्ठी उपटू नका.

चांदोबा मराठीत १९५२ पासून. त्याला मागणी असते ती चित्रांसाठी, आणि दिवाळी-बिवाळीचा सुटा अंक असण्यापेक्षा अख्खं वर्ष असलं तर. सोलापूरच्या पूर्व भागातल्या जुन्या तेलुगू घरांत तेलुगू चंदामामाचे, म्हणजे चांदोबाच्याच तेलुगू अवताराचे, गठ्ठे निघतात. त्यांचं गिऱ्हाईक हैदराबादेत, आपल्याकडं नाही. तुमच्या गठ्ठ्यात एखादा तेलुगू अंक घुसलेला असेल तर तो वेगळा काढा.

किमतीचं विचारलंत. आकडा मी सांगणार नाही, कारण अंक हातात घेतल्याशिवाय जो आकडा सांगतो तो एकतर भोळा असतो किंवा त्यालाच तो अंक हवा असतो. पेपरात येतं की सुपरमॅनचा १९३८ चा पहिला अंक २०२४ मध्ये ६० लाख डॉलरला गेला, आणि मग घरोघरी माळे धुंडाळले जातात. त्या बाजाराचा आपल्याशी काही संबंध नाही. तिथं अंक तज्ज्ञांकडून दहापैकी गुण लावून प्लास्टिकच्या डबीत सीलबंद होऊन येतो. आपल्याकडं दोन माणसं फोनवर बोलतात, बस्स. भाव काढायचा तर लोक किती मागतात ते बघू नका, किती रुपयांना खरोखर गेला ते शोधा. मागायला कुणी काहीही मागतं.

भाव ठरतो तो दोषांवरून. माझ्याकडचाच एक अंक टेबलावर ठेवून सांगतो. मुखपृष्ठ चकचकीत, रंग शाबूत, लांबून बघाल तर नवाच. जवळ घ्या. वरच्या पिनेला गंज, आणि गंजाचा तांबूस डाग चार पानं आत उतरलेला. पाठीला, पिनांपासून अर्धा सेंटीमीटर सोडून, सुतळी ओवल्याची तीन भोकं. म्हणजे हा भाड्यानं देणाऱ्या लायब्ररीतला, शिवून ठेवलेला. आतल्या पानावर जांभळा गोल शिक्का. मधलं जोडपान सुटलेलं पण आहे. शेवटच्या पानावर कुणीतरी वेताळाच्या डायनाला पेनानं मिशा काढल्यात. (तो मी नव्हे.) यातल्या एकेका गोष्टीनं भाव उतरतो, पण सगळ्यात जास्त उतरतो तो पान नसल्यानं, म्हणून प्रत्येक अंकाची पानं मोजा. पिनेला हात लावू नका. ती गंजली असली तरी मूळची पिन असणं हाही एक पुरावा असतो.

आणि हे सगळं गिऱ्हाईकाला आपण होऊन सांगा. मला सुरुवातीला वाटायचं की शिक्का सांगितला तर भाव पडेल. पडतो, पण थोडा. न सांगता पाठवलात तर अंक परत येतो, जायचा-यायचा खर्च तुमच्या माथी, आणि हा गोतावळा इतका लहान आहे की आठवड्यात सगळ्यांना कळतं. मुखपृष्ठ, मागची बाजू, पाठ, पिना आणि मधलं पान असे पाच फोटो, खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅश बंद करून. कोपऱ्याचा मुद्दाम जवळून घ्या.

फसगतीचं सांगायचं तर मी एकदा चाळीस अंकांचा गठ्ठा फोटो बघून घेतला. आला तेव्हा त्यातल्या सहा अंकांची मुखपृष्ठं रंगीत झेरॉक्स निघाली, आत खरी पानं. भिंग लावलं तेव्हा उमगलं: जुन्या छपाईत रंगाचे ठिपके स्वच्छ वेगवेगळे दिसतात, झेरॉक्सवर ते चिखलासारखे मिसळलेले, आणि तिरप्या उजेडात टोनर चमकतो. विकणाऱ्यानं मग फोन उचललाच नाही. तुमच्यातही एखाद्या अंकाला झेरॉक्सचं कव्हर असेल, पूर्वी लोक हौसेनं लावायचे. असेल तर तसं लिहा.

पैशाचं थोडक्यात: पैसे येण्यासाठी क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही की यूपीआयचा पिन टाकावा लागत नाही. ‘मी फौजेत आहे, कोड पाठवतो, स्कॅन करा’ असं म्हणणारा कॉमिक्सचं गिऱ्हाईक नव्हे. खात्यात रक्कम दिसली की पार्सल, त्याआधी नाही.

आता माझ्या आवडीचा भाग. आपल्या गावात राहण्याचा एक फायदा पुण्या-मुंबईच्या संग्राहकांना नाही, तो म्हणजे युनिफॉर्म आणि टॉवेलचं पॅकिंग सामान. कपड्याच्या कारखान्यांना माल पुरवणाऱ्या दुकानात जा आणि शर्टाच्या मापाची पीपीची, म्हणजे पॉलिप्रॉपिलीनची, पिशवी मागा. पीपीचीच, पीव्हीसीची नको. पीव्हीसी मऊ असते, तिला वास येतो आणि उकाड्यात ती छपाईला चिकटते. काही पिशव्यांच्या झाकणीवर तोंड बंद करायला गोंद असतो, तसली पिशवी घेऊ नका, अंक बाहेर काढताना मुखपृष्ठ त्याला लागतं. साधी पिशवी घ्या, मागं दुमडा, बारीक टेप लावा आणि टेपचं टोक आत मुडपून धरायला शेपटी ठेवा. घेणारा कात्रीशिवाय उघडू शकला पाहिजे.

शर्टात घालतात तो करडा पुठ्ठा प्रवासापुरता झकास. कायमचा नको. तो रद्दीपासून बनतो, त्यातलं आम्ल कागदात उतरतं.

अंक पिशवीत घातले की दोन-दोन अंक पाठ उलटसुलट करून ठेवा, कारण पिनेकडची बाजू जाड असते आणि एकाच दिशेला रचले की गठ्ठा उतरता होतो. मग खोक्याचा पुठ्ठा, अंकापेक्षा चारी बाजूंनी बोटभर मोठा, वर एक आणि खाली एक. इथं एक युक्ती आहे: वरच्या पुठ्ठ्याच्या आतल्या नाळ्या उभ्या असतील तर खालच्याच्या आडव्या ठेवा. पुठ्ठा नाळीच्या रेषेत दुमडतो. दोन्ही एका दिशेला असले तर पोत्याखाली सापडल्यावर अंकासकट घडी पडते, एकमेकांना छेद देऊन असले तर पडत नाही. पुठ्ठे एकमेकांना टेपनं बांधा, अंकाला टेप लागू देऊ नका. या सगळ्याला एक मोठी प्लास्टिक पिशवी. जुलैत मी मुंबईला पाठवलेलं एक पार्सल कुरियरच्या गोदामात भिजलं होतं. खोकं लगदा झालं, आतले अंक कोरडे निघाले, फक्त त्या आठ रुपयांच्या पिशवीमुळे. खोक्यात चारी बाजूंनी चुरगाळलेला कागद भरा, बंद करून कानाशी धरा आणि हलवा. काही हललं तर पुन्हा उघडा. आत पत्त्याची एक चिठ्ठी टाका, बाहेरची निघून पडली तर कामाला येते.

खोकं गरजेपेक्षा मोठं घेऊ नका. खासगी कुरियरवाले लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटीमीटरमध्ये मोजून ५००० नं भागतात आणि ते किलो धरतात. ४० बाय ३० बाय २० चं खोकं म्हणजे ४.८ किलो, आत दीड किलोच का असेना. मी बहुतेक वेळा स्पीड पोस्टच करतो, विमा मागून घेतो. रजिस्टर्ड पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टातच विलीन झालंय, आणि कुणी जुन्या आठवणीनं ‘रजिस्टर्ड बुक पोस्टानं पाठवा, स्वस्त पडतं’ म्हणालं तर ते आता नाही. त्या जागी ज्ञान पोस्ट आहे, ३०० ग्रॅमला २० रुपयांपासून, पण त्यात नियतकालिकं चालत नाहीत, आणि इंद्रजाल, चांदोबा ही नियतकालिकंच. खिडकीवर वाद घालण्यात अर्थ नाही.

पुण्याचं गिऱ्हाईक मोठा गठ्ठा घेत असेल तर पार्सलच्या भानगडीत न पडता सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं जा, हातात द्या, संध्याकाळी त्याच गाडीनं परत. मी दोनदा गेलोय. एकदा तिकिटाचे पैसेही त्यानंच दिले.

सगळे एकदम विकू नका. पहिल्या शंभरातले क्रमांक वेगळे, बहादूरचे वेगळे, फाटके वेगळे. त्या दोन हजारवाल्याला एवढंच विचारा, ‘काही अंकांच्या पिना गंजल्यात, चालतील?’ संग्राहक असेल तर लगेच फोटो मागेल. ‘चालतंय हो, पाठवा’ म्हणाला तर तो पुढं विकणारा आहे. त्यात गुन्हा काही नाही, फक्त त्याचा भाव तुमचा भाव नव्हे.

क्रमांकांची यादी झाली की इथं टाका, मी बघून सांगतो. पहिल्या ३२ पैकी काही निघालं तर मी स्वतःच गिऱ्हाईक आहे, हे आत्ताच सांगून ठेवतो. त्या अंकांचा भाव मात्र मला विचारू नका, दुसऱ्या कुणाला तरी विचारा.