इंजेक्शन तेच, आजार तोच, मग परवानगी पुन्हा का?

प्रश्न : ताई, मला सात वर्षांपासून आमवात आहे. दर दोन आठवड्यांनी अडालिमुमॅबचं इंजेक्शन घेते. विमा कंपनी दर सहा महिन्यांनी पूर्वमंजुरी, म्हणजे प्रायर ऑथरायझेशन, नव्याने मागते. या वेळी कागद अडकले आणि दोन डोस चुकले. सकाळी बोटं वळेनात, लेकीची वेणीसुद्धा घालता आली नाही. आई म्हणते, पुण्याहून इंजेक्शनं पाठवते. याविरुद्ध काही कायदा नाही का?
— एक वाचक, शुगरलँड, टेक्सास

उत्तर : कायदा आहे. टेक्सासमध्ये २०२३ साली हाउस बिल ७५५ मंजूर झालं. १ जानेवारी २०२४ पासून नव्याने घेतलेल्या किंवा नूतनीकरण झालेल्या पॉलिसींना ते लागू होतं. ऑटोइम्यून आजार (शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते ते आजार) आणि हिमोफिलिया व व्हॉन विलेब्रँड हे रक्त नीट न गोठण्याचे आजार, यांच्या बहुतेक औषधांसाठी वर्षातून एकदाच पूर्वमंजुरी मागता येते. तुमचा आमवात ऑटोइम्यूनच आहे. मात्र गंभीर धोक्याचा चौकटीतला इशारा (बॉक्स्ड वॉर्निंग) असलेली आणि डॉक्टरांची खास तपासणी लागणारी औषधं यातून वगळलेली आहेत. अडालिमुमॅबवर असा इशारा आहे, म्हणून तुमच्या इंजेक्शनला हा नियम लागतो का, ते आधी विचारून घ्या.

पण आधी पर्समधलं विम्याचं कार्ड काढा. त्यावर ‘टीडीआय’ किंवा ‘डीओआय’ अशी अक्षरं छापलेली असतील, तर तुमची पॉलिसी राज्याच्या विमा खात्याच्या अखत्यारीत येते. तिथे तक्रार करा, ‘हाउस बिल ७५५’ असा कायद्याचा क्रमांक लिहून. अक्षरं नसतील, तर बहुधा नोकरी देणारी कंपनी उपचारांचा खर्च स्वतःच्या खिशातून भरते. अशा सेल्फ-फंडेड योजनांना १९७४ च्या एरिसा या केंद्रीय कायद्यामुळे राज्याचा हा नियम लागत नाही. मग एचआरशी बोलावं लागेल. एकाच गल्लीतल्या दोघींना एकच आजार, एकीला संरक्षण आणि दुसरीला नाही, हे मला अजिबात पटत नाही.

मी अठरा वर्षं ह्यूस्टनमध्ये औषधांच्या काउंटरमागे उभी आहे. एक काकू बर्फाच्या पिशव्या घातलेली निळी थैली घेऊन एकाच आठवड्यात तीनदा आल्या होत्या. तिन्ही वेळा माझ्या पडद्यावर ‘पेंडिंग’. तिसऱ्या दिवशी त्यांच्या बोटात अंगठी नव्हती. सांधे इतके सुजले होते की सोनाराकडून ती कापून घ्यावी लागली होती. खंड पडला की नुसत्या वेदना वाढतात असं नाही. शरीर औषधाविरुद्ध प्रतिपिंडं तयार करू शकतं, आणि इतके दिवस गुण देणारं औषध पुढे तितकं लागू पडेलच असं नाही.

म्हणून, मंजुरी मिळेल त्या दिवशीच ती कधी संपते हे विचारा आणि तारखेच्या सहा आठवडे आधी डॉक्टरांच्या ऑफिसला फोन करा. पत्रात ‘औषध चालू आहे, गुण आहे, खंड पडल्यावर सांधे सुजले’ हे तारखांसह लिहायला सांगा. सूज आलेल्या हातांचे फोटो जोडा.

राज्याच्या अखत्यारीतल्या पॉलिसीत चालू औषधाला वैद्यकीय गरज नाही म्हणून नकार आला, तर कंपनीच्या अंतर्गत अपिलाची वाट बघायची गरज नाही. थेट स्वतंत्र पुनरावलोकन संस्थेकडे, म्हणजे कंपनीचा निर्णय बाहेरून तपासणाऱ्यांकडे, जाता येतं. हा हक्क फार थोड्या लोकांना ठाऊक आहे.

आईंना मात्र नको म्हणा. हे इंजेक्शन २ ते ८ अंशांत राहावं लागतं, प्रवासात तापलं तर वाया जातं, आणि परदेशातून असं औषध मागवायला इथे सहसा परवानगी नाही. कार्डावर काय छापलंय ते मला कळवा, तक्रारीचा मसुदा मी तपासून देईन.