गॅस बंद होतोय, हे सांगताना
कंपनीच्या स्वयंपाकघरात गॅसऐवजी विजेच्या इंडक्शन शेगड्या येणार, हे सांगणाऱ्या निवेदनाचा मसुदा लिहायला बसण्याआधी एकदा त्या स्वयंपाकघरात जाऊन ये. गॅस बंद होणार ही बातमी आचाऱ्यांना बाहेरून कळली, तर पुढची सगळी मेहनत पाण्यात. त्यांचे प्रश्न पर्यावरणाचे नसतात. ज्योतच दिसणार नाही तर आच कशी ओळखायची? जुनी तांब्याची, ॲल्युमिनियमची भांडी चालतील का? (साध्या इंडक्शनवर नाही चालत; बुडाला चुंबक चिकटायला हवं.) गोल बुडाच्या कढईचं काय? तिच्यासाठी खोलगट इंडक्शन शेगडी मिळते, हे तुला ठाऊक हवं. वीज गेली तर? याचं उत्तर द्यायला अभियंत्याला सोबत ने.

आता आकड्यांचं. 'शून्य उत्सर्जन स्वयंपाकघर' हे शब्द दिसले की मी सरळ खोडतो. गॅस जाळणं थांबलं की कंपनीचा स्कोप 1 मधला, म्हणजे तिच्या स्वतःच्या थेट उत्सर्जनाचा आकडा उतरतो, पण वापरलेली वीज स्कोप 2 मध्ये, म्हणजे विकत घेतलेल्या विजेमागच्या उत्सर्जनात येऊन बसते. ती कोळशावरची असेल तर फायदा बराच आटतो. म्हणून वीज कुठून येते तेही त्याच परिच्छेदात लिही, तळटीपेत ढकलू नकोस.

मला स्वतःला सर्वात भरवशाचा वाटतो तो हवेचा मुद्दा. ज्योतीतून निघणारा नायट्रोजन डायऑक्साइड थांबतो, आणि इंडक्शनवर उष्णता थेट भांड्यातच तयार होत असल्याने ओट्यापाशी उभं राहणं सुसह्य होतं. तळणाचा धूर मात्र राहतोच. एक्झॉस्टची गरज संपली असं चुकूनही सुचवू नकोस.

फोटो चकचकीत रिकाम्या ओट्याचा नको. काम चालू असतानाचा घे, आचाऱ्यांना विचारून.