गाडीचं विचारा: सेल्फ मारला की नुसतं ‘कट-कट’

प्रश्न : तेरा सीटची डिझेल गाडी आम्ही आतून बदलून फिरतं घर केलं आहे. फ्रिज, पंखे, पाण्याचा पंप यांच्यासाठी मागे इन्व्हर्टरची 150 एएचची (अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीच्या साठ्याचं माप) ट्युब्युलर बॅटरी आहे. पुढे कंपनीची मूळची 80 एएचची, तिला चार वर्षं झाली. सहली वर्षातून तीन-चारच, एरवी गाडी दोन-दोन महिने उभी. जानेवारीत सकाळी सेल्फ मारला की नुसतं ‘कट-कट’. मिस्त्री म्हणतात, पुढची काढा आणि मागचीच एक ठेवा, दोन्ही कामं होतील. तसं करावं का?
– एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : नका करू. सेल्फला दोन-चार सेकंदच, पण दोन-तीनशे अँपिअर लागतात, थंडीत त्याहूनही जास्त. त्यासाठी स्टार्टर बॅटरीत पातळ प्लेटा दाटीने बसवलेल्या असतात. ट्युब्युलरच्या प्लेटा जाड. थोडा करंट तासन् तास देणं हे तिचं काम, एकदम मागितला की व्होल्टेज बसतं. उलट स्टार्टर बॅटरीवर रात्रभर फ्रिज चालवलात तर पातळ प्लेटा थोड्याच दिवसांत झडतात. तेव्हा बॅटऱ्या दोनच हव्यात.

नवी घेण्याआधी दोष बॅटरीचाच आहे ना, ते मल्टिमीटरने पाहा. गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी मोजा. 12.6 व्होल्ट म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे निम्मी, 12 च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. रिकामी निघाली तर आधी चार्जरवर पूर्ण भरा. मग सेल्फ मारताना मोजा. भरलेली असूनही 9.6 च्या खाली गेली तर ती संपली. 10.5 वर टिकते आणि तरी कट-कट होते, तर मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडावर धरून पुन्हा सेल्फ मारायला सांगा. अर्धा व्होल्ट दिसला तर अर्थची तार (बॅटरीचा निगेटिव्ह इंजिन-चासीला जोडणारी) खराब. बदल केलेल्या गाड्यांत हे फार सापडतं: फर्निचरवाला चासीवरच्या रंगावरच अर्थचा बोल्ट आवळून मोकळा होतो. तिथला रंग खरवडून लोखंड चकचकीत करा आणि पुन्हा आवळा. पुष्कळदा नव्या बॅटरीचे पैसे इथेच वाचतात.

बॅटरी बदलायचीच ठरली तर जुनीचं लेबल वाचून जा. एएच आणि सीसीए (थंडीत सेल्फला देता येणारा करंट) तेवढेच किंवा थोडे जास्त चालतील, पण ट्रेमध्ये घट्ट बसली पाहिजे. उंच बॅटरीचं टर्मिनल वरच्या पत्र्याला लागलं तर शॉर्ट होतं. पॉझिटिव्ह डावीकडे की उजवीकडे, तेही जुळवा. उलट बाजूची आणली की केबल ताणून बसवली जाते, मग ती घासते. दुकानात उत्पादनाची तारीख पाहा आणि तिथेच व्होल्टेज मोजायला लावा. 12.5 च्या खालची घेऊ नका, मग सूट कितीही असो. आपल्याकडे मे-जूनमध्ये पारा 45 च्या वर जातो आणि बॅटरीचं खरं नुकसान तेव्हाच होतं. जानेवारीत ते फक्त उघडकीला येतं. उन्हाळ्यात आतलं पाणीही उडतं, म्हणून महिन्यातून एकदा झाकणं उघडून बघणार असाल तर पाणी घालता येणारी घ्या. आळस असेल तर सीलबंद.

दोन्ही बॅटऱ्यांमध्ये व्होल्टेज बघून जोडणारा रिले (आपोआप चालणारा स्विच) हवा: साधारण 13.3 ला जोडतो, 12.8 ला तोडतो. म्हणजे फ्रिज रात्री पुढची बॅटरी खात नाही. दोन्ही बॅटऱ्या जोडणाऱ्या तारेला दोन्ही टोकांना, बॅटरीच्या अगदी जवळ, फ्यूज लावा. बीएस-6 (धुराच्या नव्या नियमांच्या) गाडीत अल्टरनेटरचं (इंजिनवर फिरून बॅटरी भरणाऱ्या यंत्राचं) व्होल्टेज संगणक वर-खाली करत असतो आणि हा रिले गोंधळतो. तिथे डीसी-डीसी चार्जर (पुढच्या बॅटरीकडून वीज घेऊन मागची योग्य व्होल्टेजने भरणारा) लावा. महाग पडतो, पण योग्य तोच.

आता उभ्या गाडीचं. सगळं बंद असतानाही ट्रॅकर, रेडिओ, संगणक मिळून 50 मिलिअँपिअर खातात असं धरा. दिवसाला 1.2 एएच, साठ दिवसांत 72. तुमची बॅटरी 80 ची! रिकामी राहिली की प्लेटांवर सल्फेटचा कडक थर बसतो, नंतर चार्जरनेही तो पुरता निघत नाही. दहा मिनिटं इंजिन नुसतं चालू ठेवून काही होत नाही. महिन्यातून एकदा सुमारे 8 अँपिअरच्या चार्जरवर भरा किंवा निगेटिव्हवर कट-ऑफ स्विच बसवा. चावी काढल्यावर मात्र पाचेक मिनिटं थांबून मगच तो बंद करा.

प्रश्न : बॅटरीचा ‘डोळा’ (वरची रंग दाखवणारी गोल काच) हिरवा आहे, तरी गाडी सुरू होत नाही. असं का?
– एक वाचक, जयेंद्रगंज, ग्वाल्हेर

उत्तर : तो डोळा सहा सेलपैकी एकाच सेलचा असतो. उरलेल्या पाचांतला एक गेला तरी तो हिरवाच. डोळ्यापेक्षा मीटरचं ऐका.

प्रश्न : टर्मिनलवर पांढरी-हिरवी पूड जमते. ती कशी काढायची?
– एक वाचक, मुरार, ग्वाल्हेर

उत्तर : आधी निगेटिव्ह सोडा, मग पॉझिटिव्ह. उलट केलंत आणि पाना पत्र्याला टेकला तर ठिणग्या उडतात. झाकणं घट्ट आहेत ना पाहून, पेलाभर कोमट पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून ब्रशने धुवा आणि पुसून कोरडं करा. जोडताना पॉझिटिव्ह आधी. व्हॅसलीन आवळून झाल्यावर वरून लावा, आधी नाही. पूड पुन्हा पंधरा दिवसांत आली तर चार्जिंगचं व्होल्टेज तपासा. इंजिन चालू असताना 14.8 च्या वर जात असेल तर रेग्युलेटर (अल्टरनेटरचं व्होल्टेज आवरणारा भाग) दाखवा. डिस्टिल्ड वॉटर नेहमी चार्जिंग झाल्यावर, प्लेटांच्या सेंटीमीटरभर वर येईल इतकंच घाला. आधी काठोकाठ भरलं की चार्ज होताना आम्ल उतू जातं आणि तीच पूड परत जमते.