खोटं बोलून वस्तू घेतली की लगेच गुन्हा होतो का?
नाही, नुसतं खोटं पुरत नाही. इंग्लंडच्या १९६८च्या थेफ्ट अ‍ॅक्टचं (चोरीविषयीच्या कायद्याचं) जुनं कलम १५ घ्या, त्यात फसवणूक मुद्दाम किंवा बेफिकिरीने केलेली लागायची, वस्तू दुसऱ्याची लागायची आणि ती अप्रामाणिकपणे कायमची लाटायचा हेतू लागायचा. पण खरी मेख क्रमात होती, आधी थाप, मग तिच्यावर समोरच्याचा विश्वास, आणि त्या विश्वासामुळेच वस्तू हातात. समोरच्याला थाप आधीच कळलेली असून तरी त्याने वस्तू दिली तर हा गुन्हा पूर्ण होत नसे, फार तर गुन्ह्याचा प्रयत्न धरायचे. मला हे कायम खटकायचं. २००६च्या फ्रॉड अ‍ॅक्टने ते कलमच काढलं, आता फायदा उपटायला अप्रामाणिकपणे जाणूनबुजून खोटं सांगितलं तरी बास, कोणी फसलं नाही तरी.