बागायतदार, पेट्या आणि पट्ट्या: तीन फायलींतले रकाने कमांड लाइनवर कसे जुळवायचे?

तुमचं म्हणणं असं, की देवगडच्या सोसायटीकडे तीन सीएसव्ही (स्वल्पविरामाने रकाने वेगळे केलेल्या) फायली आहेत: बागायतदारांची यादी, वाशीच्या बाजाराला गेलेल्या आंब्याच्या पेट्या आणि दलालाकडून आलेल्या पट्ट्या, म्हणजे विक्रीचे हिशोब. सभासद क्रमांक तिन्हींत आहे, पण पेस्ट कमांड वापरली की एकाची पट्टी दुसऱ्याच्या नावावर जाते. जाणारच. पेस्ट काहीच जुळवून बघत नाही, पहिली ओळ पहिलीला आणि दुसरी दुसरीला चिकटवते, बस्स. तुम्हाला जॉइन हवी, ती सामाईक रकाना बघून दोन फायलींच्या ओळी जोडते.

पण आधी जुळवायचं कशावर ते ठरवा, कारण सभासद क्रमांक पुरणार नाही. एकाच बागायतदाराच्या एप्रिलात तीन खेपा गेल्या आणि तीन पट्ट्या आल्या, तर जॉइन प्रत्येक खेपेला प्रत्येक पट्टी जोडून नऊ ओळी काढेल. एरर येणार नाही, रक्कम मात्र तिप्पट दिसेल आणि वार्षिक सभेत तुमची धडगत नाही. म्हणून पेट्या आणि पट्ट्या जोडताना सभासद क्रमांकासोबत बिल्टी (मालवाहतुकीची पावती) क्रमांकही घ्या. पट्टीवर तो येत नसेल तर दलालाला लिहायला सांगा. तारखेवर विसंबू नका. माल निघतो एका दिवशी, विकला जातो दुसऱ्या. जॉइनला प्रत्येक फायलीतला एकच रकाना चालतो, तेव्हा ऑकने (रकान्यांवर काम करणारा कमांड लाइनवरचा प्रोग्राम) दोन्ही क्रमांक मध्ये आडवी रेघ देऊन एकत्र करा आणि हा नवा रकाना ओळीच्या सुरुवातीला ठेवा. बागायतदारांची यादी शेवटी जोडा, ती नुसत्या सभासद क्रमांकावर. (जॉइन एका वेळी दोनच फायली घेते, त्यामुळे दोन टप्पे करावेच लागतात.)

आता सफाई. खरा वेळ इथेच जातो. विंडोजवर सेव्ह केलेल्या फायलीत प्रत्येक ओळीच्या शेवटी एक न दिसणारं कॅरेज रिटर्न असतं, ते टीआर कमांडने काढून टाका. एक्सेल ००४५ चा ४५ करून ठेवतं, आणि जॉइन आकडे नव्हे, अक्षरं ताडून बघते. तिच्या लेखी हे दोन वेगळे सभासद. आपल्याकडची खास भानगड म्हणजे एका कारकुनाने आकडे मराठीत टाइप केलेले असतात, दुसऱ्याने इंग्रजीत. सेड या मजकूर बदलणाऱ्या कमांडमधली वाय ही आज्ञा दहाच्या दहा आकडे एका फटक्यात बदलते. नावावर किंवा गावावर तर जुळवूच नका. ‘आचऱ्याची बाग’ यातला ऱ्य युनिकोडमध्ये (संगणकात अक्षरं साठवायच्या पद्धतीत) दोन तऱ्हांनी लिहिता येतो. डोळ्यांना सारखाच दिसतो, मशीनला नाही.

मग सॉर्ट. दोन्ही फायली जुळवणीच्याच रकान्यावर लावलेल्या हव्यात. टी पर्यायात स्वल्पविराम द्या आणि के पर्यायात ‘१,१’ लिहा (कमांडमध्ये अर्थात इंग्रजी आकड्यांत). नुसतं १ लिहिलं तर पहिल्या रकान्यापासून ओळीच्या शेवटापर्यंतचा सगळा मजकूर धरून क्रम लागतो. अंकांच्या क्रमाने लावणारा एन पर्याय इथे टाळा, जॉइनला अक्षरक्रमच लागतो. सॉर्ट आणि जॉइन दोन्हींच्या आधी एलसी ऑल (भाषा आणि अक्षरक्रम ठरवणारी सेटिंग) ची किंमत सी करा, म्हणजे दोघींचा क्रम एकच राहील. सेडला मात्र ही सेटिंग लावू नका, नाहीतर मराठी आकडे तिला कळणार नाहीत. मथळ्याची ओळ सॉर्टच्या आधीच बाजूला काढा.

फायलींचा मूळ क्रम मोडायचा नसेल तर सगळं ऑकमध्येच करा. एनआर सर्व फायलींच्या ओळी सलग मोजतो, एफएनआर प्रत्येक फायलीत पुन्हा एकपासून. दोन्ही सारखे असतील तोवर पहिली फाईल चालू आहे, तिच्या ओळी अ‍ॅरेत (मेमरीतल्या यादीत) भरा आणि पुढची फाईल आली की अ‍ॅरेतून उचला. सॉर्टची गरज नाही. पण तीच किल्ली, म्हणजे जुळवणीचा क्रमांक, दोनदा आली तर ऑक गुपचूप शेवटची ठेवतो, म्हणून पैशाच्या हिशोबाला मी जॉइनच वापरतो.

आणि जॉइनचा व्ही पर्याय, म्हणजे न जुळलेल्या ओळी दाखवणारा, चालवल्याशिवाय उठू नका. पेट्यांची फाईल आधी आणि पट्ट्यांची नंतर दिली असेल, तर व्ही १ दिलंत की पहिल्या फायलीतल्या, म्हणजे पट्टीच न आलेल्या खेपा मिळतील. व्ही २ दिलंत की ज्यांची खेप तुमच्याकडे नोंदलेलीच नाही अशा पट्ट्या. चेअरमनना जुळलेल्या यादीआधी या दोन द्या. दलालाला फोन करायचा तो त्यांवरूनच.